काकांच्या आधीची फुंक

ऊन असो, थंडी असो, आमच्या फुटबॉल क्लबाच्या दर सामन्याला नक्की येणारे आम्ही चौघंच. नागपूरच्या प्रताप नगरातला एक पानठेलेवाला, त्याच्या ठेल्यासमोर ऑटो लावणारा माझा शाळेपासूनचा मित्र, सरकारी कचेरीत बाबूगिरी करणारा मी, आणि काका. काका आमच्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. उमेदीत लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. बँड सुटला, पितळी बिगुल तेवढा घरी राहिला.

त्या बिगुलाची आमची एक रीत होती. आपला गोल झाला की चौघांनीही एकेक फुंक मारायची. वयानं सगळ्यात लहान तो आधी, काका शेवटी. म्हणजे ठेलेवाला, मग ऑटोवाला, मग मी, मग काका. खाली पोरं फुंका मोजायची. चार झाल्या की कॅप्टन आमच्याकडे बघून हात वर करायचा. काका म्हणायचे, आता गोल पचला. तोंड लावायची जागा एकच. शर्टाच्या बाहीनं पुसायची आणि पुढच्याला द्यायची. इतक्या वर्षांत कुणाला त्यात काही वाटलं नव्हतं.

मग ती महामारी आली आणि जवळजवळ वर्षभर मैदानावर गवत वाढलं.

पहिली लाट ओसरल्यावर बातमी आली की चार क्लब मिळून काही सामने खेळवणार, पण प्रेक्षकांना बंदी. ठेला तेव्हा नुकताच उघडला होता. समोर चुन्यानं आखलेल्या गोलांत आम्ही उभे होतो.

"खेळालेच पाहिजे," मी म्हणालो. "पोट्टे वर्षभर घरात सडून राहिले."

"आन् हापतील कोणाच्या तोंडावर?" ऑटोवाला म्हणाला. "एकमेकाच्याच ना? कॉर्नरच्या टायमाले काय दोन मीटर दूर उभे राह्यतील?"

"आपला डिफेन्स त तसाही समोरच्यापासून दोन मीटर दूरच राह्यते," ठेलेवाला आतून म्हणाला, आणि काका इतके हसले की त्यांचा मास्क हनुवटीवर आला.

ऑटोवाला हसला नाही. "मजाक नाही करून राहिलो मी. पोट्ट्याइले काही नाही होणार. ते घरी जाऊन म्हाताऱ्याइले देतील."

"तू दिवसभर सवाऱ्या नेतं. तिथं नाही भेव लागत?" मी विचारलं.

"पोटासाठी नेतो गा. गोल पाहासाठी नाही मरत मी."

"भेकड आहेस लेका," मी म्हणालो. सगळ्यांसमोर म्हणालो. त्याच्या चेहऱ्याचा मास्कवरचा अर्धा भाग मला दिसत होता, तेवढा पुरेसा होता.

मैदानाला लागून ठेलेवाल्याच्या भावाचं घर होतं. त्याच्या गच्चीवरून सामना बघायचा असं ठरलं. काका म्हणाले, "बिगुल आणतो, पण यावेळी मी एकटाच वाजवीन."

यावर मी जे बोललो ते मी पुढची चार वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि ऐकणारे विसरले असतील अशी माझी आशा होती. मी म्हणालो, "एकाच फुंकीनं पोट्ट्याइले काय समजन काका? म्हणतील, बाकीचे तीन मेले वाटते." सगळे हसले. काकांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरं. रुमालानं नीट पुसू म्हणजे झालं."

सामन्याच्या दिवशी सकाळी बायकोनं सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली होती. दोन दिवस माझा घसा खवखवत होता, पण फेब्रुवारीत तो खवखवतोच. मी एक घास खाल्ला. मग वडी फोडून नाकाशी नेली. कोथिंबीर नाही, मसाला नाही, तेलसुद्धा नाही. जणू ओला कागद चावत होतो.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

"मस्त," मी म्हणालो.

वास जाणं म्हणजे काय, हे तोवर आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. मलाही होतं. एक फोन करायचा होता, मी येत नाही, मला बरं नाही. पण ज्याला चार दिवसांपूर्वी भेकड म्हटलं, त्याला फोन करून हे कसं सांगायचं? एवढंच कारण होतं. मी खूप शोधलं, याहून मोठं कारण मला माझ्यात सापडलं नाही.

काकांचे गुडघे दुखायचे. त्यांना घ्यायला ऑटोवाला गेला. यायचं नव्हतं तरी काकांसाठी आला. गच्चीवर तो कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला.

रिकाम्या मैदानात चेंडूला बसलेली लाथ इतकी मोठी ऐकू येते हे मला त्या दिवशी कळलं. पोरं धापा टाकत होती. वर्षभरात सवय मोडलेली. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या लेफ्ट विंगच्या पोरानं गोल मारला. ठेलेवाल्यानं पहिली फुंक मारली, बिगुल पुसला, ऑटोवाल्यापुढे धरला. त्यानं मान हलवली.

"माझी फुंक धरू नका."

"अरे मार ना बे," मी म्हणालो.

"नाही म्हटलं ना."

मग बिगुल माझ्याकडे आला. मी मास्क खाली केला. छातीत होती नव्हती तेवढी हवा घालून फुंकलो. रुमालानं पुसलं. नीट पुसलं, हे मी शपथेवर सांगतो, आणि ते सांगण्यात काही अर्थ नाही हेही मला माहीत आहे. बिगुल काकांच्या हातात दिला. काकांनी डोळे मिटून लांब सूर लावला, बँडात नवरदेव दारात आल्यावर लावायचे तसा. खाली कॅप्टननं तीन बोटं वर केली आणि हातानंच विचारलं, चौथा कुठे?

तिसऱ्या दिवशी मला ताप आला. कचेरीत कळवलं, पोट बिघडलं. तपासणी केली नाही. बायकोची चव गेली तेव्हा ती म्हणाली, "आपल्याला तेच झालं असेल का हो?" मी म्हणालो, हवा बदलली आहे. आम्ही दोघं आठवड्यात बरे झालो.

काकांना सहाव्या दिवशी दम लागला. अँब्युलन्स येईना, तेव्हा ऑटोवाल्यानंच त्यांना दवाखान्यात नेलं. पाठीमागच्या सीटवर झोपवून, एका हातानं त्यांना धरून. नऊ दिवसांनी काका गेले. घाटावर लांबून बघायची परवानगी होती.

काकांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला होता. तो आला, आणि एक दिवस ठेल्यावर येऊन ऑटोवाल्याला म्हणाला, "घरातून फारसा बाहेर न पडणारा माझा बाप तुमच्या ऑटोत बसला एकदा. दिवसभर कोण कोण बसत होतं त्यात? तुम्ही मारलं त्याले."

ऑटोवाल्यानं मान वळवून ऑटोच्या मागच्या सीटकडे बघितलं. ठेलेवाला पानं पुसत राहिला. मी तिथंच होतो, चार हातांवर. मी मास्क नाकावर ओढला.

त्यानंतर वस्तीतले लोक त्याच्या ऑटोत बसेनासे झाले. कुणी ठरवून नाही, पण हात दुसऱ्या ऑटोला दाखवला जायचा. सामन्यांनाही तो येईना. वर्षभरानं बायकापोरांसह तासाभरावरच्या खाप्याला गेला, मेहुण्याच्या पिठाच्या चक्कीवर. जाताना मला भेटायला आला होता. मी बायकोला सांगायला लावलं, घरी नाहीत.

डॉक्टर म्हणतील, काकांना कुठूनही झाला असेल. दूधवाल्याकडून, दवाखान्यातून, हवेतून. हे वाक्य मी चार वर्षं वापरलं. गेल्या महिन्यात ठेलेवाला सहज म्हणाला, "तो खाप्याले गेला तेच बरं झालं. त्याच्यानंच गेले ना काका." आणि मी म्हणालो, "हो."

तोवर मी नुसता गप्प होतो. त्या दिवशी मी हो म्हणालो. रविवारी स्कूटर काढली.

चक्कीत तो पापण्यांपर्यंत पांढरा झालेला. "अरे बाबू! रस्ता चुकला का गा?" म्हणत बाहेर आला. चहा मागवू लागला. मी म्हटलं, आधी ऐक. बाहेरच्या बाकावर बसून सगळं सांगितलं.

तो मध्येच म्हणाला, "वडीची चव नव्हती. सकाळीच?"

"हो."

"म्हणजे गच्चीवर चढाच्या आधी माहीत होतं तुले."

"हो."

आत गहू दळला जात होता. त्यानं बाहीनं पापण्यांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "त्या दिवशी सकाळी मी एका खोकणाऱ्या बाईले स्टेशनवर सोडलं होतं. सीट पुसली होती. पण मले वाटे, नीट नसन पुसली. चार वर्षं झाले, मले रोज वाटे का मीच काकाले मारलं. बायकोले पण नाही सांगतलं मी हे."

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, जग त्याला दोष देतं आणि तो स्वतःला निर्दोष समजतो. तेवढ्या आधारावर मी झोपत होतो.

मी माफ कर म्हणालो. त्यानं ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

"मले सांगून काय होते?" तो म्हणाला. "पोराले सांग."

"सांगीन."

"सांगीन नाही. चाल. आत्ताच."

त्यानं आत मेहुण्याला आवाज दिला, तोंडावर पाणी मारलं आणि माझ्या मागं बसला. नागपूरपर्यंत त्यानं मागची दांडी धरली होती, माझा खांदा नाही.

काकांचा मुलगा आता आईजवळ राहायला आला आहे. आम्हाला दोघांना एकत्र बघून त्यानं जाळीचं दार अर्धंच उघडलं. मी पायरीवर उभा राहून बोललो. वडीचं, बिगुलाचं, त्या हसण्यावारी नेलेल्या वाक्याचंसुद्धा. काही गाळलं नाही. बोलत मी होतो, पण तो पाहत होता माझ्या मित्राकडे.

माझं संपल्यावर त्यानं दार पूर्ण उघडलं. "काका, आत या," तो ऑटोवाल्याला म्हणाला. आवाज बसलेला होता. "आई आहे घरात."

मित्रानं चपला काढल्या, मनगटावर राहिलेलं पीठ झटकलं आणि आत गेला. मला कुणी आत बोलावलं नाही. आतून काकूंचा आवाज आला, मग रडणं, मग बराच वेळ नुसतं मित्राचं बोलणं. मी पायरीवरच थांबलो. त्याला परत खाप्याला सोडायचं होतं.