तिकांडं कललं, भावजी

दादाचा फोन आला तेव्हा मी वर्गात ग्रहणं शिकवत होतो. "तुझी वहिनी गेली रे..." एवढंच तो बोलला. सेनगावजवळच्या आमच्या गावी पोचलो तर ओसरीवरच्या बायका म्हणत होत्या, "कुणाला तकलीफ म्हणून दिली न्हाई बाईनं."

आई लवकर गेली, मला वाढवलं ते वहिनींनीच. दहावीच्या हिवाळ्यात पहाटे त्या मला अभ्यासाला उठवायच्या. "उठा भावजी, तिकांडं कललं." मृगातल्या त्या तीन चांदण्या मावळतीला किती उतरल्या यावरून त्या वेळ सांगत आणि ती बराबर निघे. बाहेरून आलेल्या असत, हातात रिकामं टमरेल. त्याच्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही.

पुढे बी.एस्सी.ला असताना चिलीतल्या एका वेधशाळेत सुट्टीभर संशोधनाची संधी मिळाली. एरवी ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख काढायचे आणि शनिवारी प्रत्येकाने आपल्या मुलखाचं काही रांधून खाऊ घालायचं, तिथलं आकाश सांगायचं. मी पिठलं केलं आणि वहिनींचं तिकांडं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग तिथल्या एका मुलीने साधंच विचारलं, "एवढ्या थंडीत त्या रोज बाहेर कशाला जातात?"

"पूजेला," मी म्हणालो. सगळे भारावून गेले.

घरी आल्यावर हे मी वहिनींना हसत हसत सांगितलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. "बरं केलं भावजी. असलं कुठं सांगतेत व्हय?" लाज आमची होती, झाकली त्यांनी. आणि मी काय केलं? दुर्बीण घेतली, ती ठेवायला गच्चीवर सिमेंटचा ओटा बांधून घेतला. त्या ओट्यावर पाणी मारायलाही वहिनीच जिना चढायच्या. घरात संडास झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. मला याची लाज वाटते, आणि ती कुठे नेऊन ठेवावी कळत नाही.

मूत्रपिंडं गेली होती. "पाणी कमी प्यायच्या का?" डॉक्टरांनी दादाला विचारलं होतं. दुखणं कळण्याआधीच्या दिवाळीत, जेवणं झाल्यावर मीच त्यांना पाणी दिलं होतं. त्यांनी नुसते ओठ ओले केले. "बस भावजी. रातच्याला उठावं लागंल." संडास तेव्हा त्यांच्या खोलीला लागूनच होता...

त्यांचा तांब्या अजून उशाशी आहे. दादा रोज संध्याकाळी तो काठोकाठ भरतो आणि सकाळी तुळशीत ओततो.