कोऱ्या कार्डावरची सही

“कान पकड,” आमच्या पेस्ट कंट्रोल कंपनीचे सर फोनवरून म्हणाले. फोन स्पीकरवर होता. काकूंनी तो माझ्या तोंडासमोर धरला होता.

मी कान पकडले. वय वर्षं चौतीस. घरी शाळेत जाणारी मुलगी. आणि गंगापूर रोडच्या त्या बंगल्यात, माझे पाय फरशीला लागू नयेत म्हणून मागच्या दारापासून ओट्यापर्यंत अंथरलेल्या वर्तमानपत्रांवर उभा राहून मी दोन्ही कान पकडले. काकूंची वर्षभराची नात चटईवर बसून बघत होती. तिला वाटलं, मी खेळ करतोय. ती खुदकन हसली.

गुन्हा काय? औषधाला वास आला नाही. झुरळांसाठी मी जेल लावलं होतं. कपाटाच्या बिजागऱ्यांत, सिंकखाली, गॅसच्या पाइपमागे, डाळीच्या दाण्याएवढे ठिपके. घरात रांगतं मूल असलं की हेच लावायचं, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. त्याला वास नसतोच. पण काकूंनी मला कपाटात डोकं घालायला लावलं. “नाक लाव. येतो का वास? लावल्यासारखं करून चाललाय. ही लोकं अशीच.”

कुठली लोकं, ते त्यांना अजून माहीत नव्हतं. माझ्या ओळखपत्रावर नुसतं पहिलं नाव आहे. कंपनीत काही जणांची आडनावं ओळखपत्रावर आहेत, काहींची नाहीत. कुणाची नाहीत, ते सांगायला नको. सर म्हणाले होते, “आडनाव वाचून गिऱ्हाईक बिचकतं रे. तुझ्याच भल्यासाठी.” मी मान डोलावली. पाच वर्षं ते अर्धं नाव गळ्यात घालून हिंडलो. लाज सरांना वाटायला हवी होती, वाटली मला.

आमच्याकडे आणखी एक रीत. सकाळी गाडीला पंप बांधायच्या आधी जॉब कार्डांवर सह्या करून टाकायच्या. कोऱ्या कार्डांवर. कुठलं औषध, किती मारलं, ते नंतर ऑफिसात भरतात. घाई असते, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला त्याच बंगल्यावर परत पाठवलं. पाच लिटरचा एक पांढरा कॅन दिला. लेबल खरवडून काढलेलं.

“पंपात थोडं हे टाक. वास सुटला की म्हातारी खूष.”

“काय आहे सर हे?”

“तुला काय करायचंय? तू मार.”

काकूंनी पुन्हा वर्तमानपत्रं अंथरली. मी सिंकपाशी बसलो, कॅनचं झाकण फिरवलं. वास आला आणि मला माझा बाप आठवला. तो दिंडोरीकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत फवारणीला जायचा. संध्याकाळी त्याच्या शर्टाला हाच वास. मी पळत जाऊन बिलगायला गेलो की ओरडायचा, “लांब हो रे! आंघोळ करू दे आधी.” मला वाटायचं, मी त्याला आवडत नाही. शेवटी खोकून खोकून गेला. खोकला कशाचा, कुणी विचारलं नाही. बागवाल्याने नाही, डॉक्टरने नाही, आम्हीही नाही.

तेवढ्यात ती नात रांगत आली आणि तिने कॅनकडे हात नेला.

“लांब हो!” मी ओरडलो. थेट बापाच्या आवाजात.

काकू धावत आल्या. “कुणावर ओरडतोस? लायकी आहे का तुझी?”

मी झाकण घट्ट लावलं. “काकू, हे बागेचं औषध आहे. स्वयंपाकघरात मारायचं नाही. बाळ या फरशीवर रांगतं, तेच हात तोंडात घालतं. मी मारणार नाही.”

त्यांनी फोन लावला. पुन्हा स्पीकर. सर गरजले, “माफी माग. कान पकड.”

“नाही पकडत सर.”

पाच वर्षांत पहिल्यांदा. इतकं सोपं होतं, तर आधीच ‘नाही’ का म्हटलं नाही, याचाच संताप आला.

“मग उद्यापासून येऊ नकोस.”

मी खिशातून या घराचं जॉब कार्ड काढलं. सही होतीच. वरच्या रकान्यात लिहिलं: औषध मारलं नाही. कॅनला लेबल नाही, वास द्राक्षाच्या फवारणीचा, घरात लहान मूल. सहीखाली पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. शेवटच्या शब्दावर थांबल्या. “अच्छा. तरीच,” म्हणाल्या. मग नातीला उचलून चार पावलं मागे सरकल्या. कॅनपासून की माझ्यापासून, मी विचारलं नाही. वर्तमानपत्रं सोडून फरशीवरून चालत बाहेर आलो.

गाडीला कॅन बांधताना लक्षात आलं, तो माझ्या हाती आला तेव्हाच अर्धा रिकामा होता. बाकीचा अर्धा कुठल्या ओट्यांखाली गेला? त्या घरांच्या कार्डांवर सही कुणाची? रद्द झालेल्या कामांची, माझी सही असलेली कोरी कार्डं ऑफिसात कितीतरी पडली होती. आता मात्र काकूंना शिव्या घालून भागणार नव्हतं. ती सही कुणी माझा हात पिरगाळून घेतली नव्हती.

कॅन घेऊन कृषी खात्याच्या ऑफिसात गेलो. आमच्या धंद्याचं लायसन्स तिथूनच मिळतं. टेबलामागच्या साहेबांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं.

“कोरी कार्डं सह्या करून तुम्हीच दिलीत ना? मग चौकशीत पहिले तुम्हीच अडकाल. विचार करा.”

“केलाय. तेही लिहून घ्या.”

त्यांनी तक्रार लिहून माझ्यापुढे सरकवली आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. मी म्हटलं, थांबा. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एक शब्द दुरुस्त करून घेतला. त्यांनी ‘द्रव’ लिहिलं होतं. मी म्हटलं, ‘विष’ लिहा.

मग सही केली. अडकलो तर पूर्ण नावाने अडकेन. कान पकडणार नाही.