जनाबाईचं गुंतवळ

जनाबाईने आयुष्यात कुठलीही वस्तू पारखल्याशिवाय घरात घेतली नव्हती. दूध, मीठ-मसाला, पाहुणा, सगळ्यांना एकच कायदा. भाताचं बियाणं ती आधी मिठाच्या पाण्यात टाकायची. वर तरंगलं ते पोचट, मग ते दुकानदाराने देवाची शपथ घेऊन का दिलेलं असेना. लेकीचं, नम्रताचं लग्न ठरलं तेव्हा ही बाई गुपचूप जावयाच्या गावी जाऊन त्याच्या शेजारणींशी गप्पा मारून आली होती. सिद्धगडाच्या पायथ्याला तिच्या वाडीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त जनाबाईला वाटायचं की कुणाला ठाऊक नाही.

नम्रताचे केस कुरळे आणि दाट. साखरपुड्यात होणाऱ्या नणंदेने चारचौघांत म्हटलं, "वहिनीच्या डोक्यात चिमणी घरटं करील." सगळे खो खो हसले. त्या दिवसापासून पोरीने ध्यास घेतला, लग्नात केस सरळ हवेत आणि तेही कायमचे.

जनाबाई त्या 'कायमचे'वरच अडली. केस रोज वाढतात, मग कायमचे कसले? यात नक्की पाणी मुरत होतं. शिवाय केस सरळ करायचं औषध उलटलं, पोरगी हळदीला टक्कल घेऊन बसली, तर सासरचे जन्मभर ऐकवतील. या भीतीने तिला घास गोड लागेना.

शेवटी तिने बियाण्याचाच मार्ग धरला. घरात विंचरताना निघालेले केस ती गुंडाळून कुडाच्या फटीत खोचून ठेवायची. केसांवर भांडी देणाऱ्या बाया दारात आल्या तरी तिने ते गुंतवळ कधी दिलं नव्हतं, परक्याच्या हाती आपले केस गेले की तो त्यांचं काय करील याचा काय भरवसा! आता नम्रताचं गुंतवळ तिने पिशवीत बांधलं. आधी औषध याला लावायचं, मग पोरीला.

"आई, लाज आणतेस गो," नम्रता चवताळली. "ते नको नेऊ."

"नेनार. त्याबिगर नाय."

मुरबाडच्या बाजारातल्या पहिल्या पार्लरमध्ये मालकिणीने डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला होता. जनाबाईने म्हटलं, "बाय, रुमाल काढ बघू." ती रागावली. झालं, ते पार्लर बाद. जिला स्वतःचं डोकं दाखवता येईना, ती दुसऱ्याच्या डोक्याचं काय भलं करणार?

दुसरीकडे पंकज नावाचा चटपटीत तरुण होता. त्याने बाटली दाखवली, जनाबाईने ती हुंगली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तरी तिने गुंतवळ पुढे केलं. तो हसत सुटला. "मावशी, हा कचरा टाका तिकडं डब्यात." जनाबाईने तो कचरा परत पदरात घेतला आणि सरळ शहापूरची गाडी धरली. वाटभर नम्रता खिडकीकडे तोंड करून बसली होती. रुसली असेल, जनाबाईने मनाशी म्हटलं.

शहापूरला एसटी स्टँडच्या मागे माधुरीचं छोटंसं पार्लर होतं. माधुरीचे स्वतःचेच केस कुरळे.

"तू का नाय केलेस गो सरळ?" जनाबाईने दारातूनच उलटतपासणी सुरू केली.

"मला आवडतात असेच."

हेही जनाबाईला संशयास्पद वाटलं. पण गुंतवळ बघून ही बाई हसली नाही. तिने त्यातले थोडे केस वाटीत घेतले, औषध लावलं आणि थांबली. मग धुऊन एक बट दोन्ही हातांनी ओढली. केस रबरासारखे लांबले आणि मधेच तुटले.

"मावशी, या केसांना आधी कायतरी लावलंय. मी नाय करणार हे काम."

जनाबाई भडकली. "तुझ्या औषधाचं खापर माझ्या पोरीवर फोडते का? खोबरेलाबिगर काय लावलं नाय तिनं!" आणि साक्षीला म्हणून ती नम्रताकडे वळली. नम्रता खाली बघत होती.

"आसनगावला, मैत्रिणीकडं," ती पुटपुटली. "एक क्रीम लावलं व्हतं. सरळ झालेच नाय. धुतले तवा हातात आले. वाटलं, चांगल्या पार्लरात तरी नीट करून देतील."

जनाबाईला आता एकेक आठवू लागलं. पोरगी हल्ली वेणीला हात लावू देत नव्हती, आणि ही खूश होती की लेक आपलं आपण करायला शिकली. सगळ्या जगाला हुंगून झालं आणि घरातलंच कळलं नाही. तिला फार लागलं ते.

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?" नम्रताचा आवाज चिरकला. "तू पयलं हेच इचारलं असतंस, कोनासाठी नटायला गेली व्हतीस? कोन हाय तो?"

जनाबाईच्या ओठांवर त्याच घडीला नेमकं तेच आलं होतं. कुठली मैत्रीण, घरात आणखी कोण होतं. तिने ते गिळलं.

माधुरी हळूच म्हणाली, "खांद्यापर्यंत कापले तर उरलेले वाचतील. वरचे चांगले हायेत."

लग्नात खांद्यापर्यंत केस. काय काय बोलतील लोक! जनाबाईने पदराने तोंड पुसलं.

"काप," ती म्हणाली.

नम्रता खुर्चीत बसली. कात्री चालू लागली, काळे पुंजके फरशीवर पडू लागले. पोरगी त्यांच्याकडे बघतच नव्हती, आरशातून आईच्या तोंडाकडे बघत होती. जनाबाईने एका शब्दाने विचारलं नाही. तरी शेवटची बट खाली पडेपर्यंत नम्रताची मान ताठच राहिली, आता विचारील, मग विचारील म्हणून.