पाया खोल घ्या

साहेबांच्या दौऱ्यांचे फोटो मीच काढायचो. स्वारगेटजवळ माझा स्टुडिओ होता. शेतकऱ्याच्या घरातून आलेले साहेब पाच वेळा निवडून आले, तरी शिवारात शिरताना चप्पल बाहेर काढायचे. मग एखादं ढेकूळ मुठीत चुरडायचे, हुंगायचे आणि सांगायचे, "इथं हरभरा नको, मररोग लागंल. गहू घ्या." ते नाटक नव्हतं. समोरच्या माणसाचं नाव त्यांना मागच्या कार्यकर्त्याला विचारावं लागे, पण मातीबाबत ते चुकलेले मी कधी पाहिले नाहीत.

शहराला लागून असलेल्या एका गावात असंच ढेकूळ हुंगून ते म्हणाले होते, "सोनं हाय हे. कुणी कितीबी देऊ दे, जमीन सोडू नका." माझा तो फोटो निवडणुकीच्या पोस्टरवर गेला.

चार वर्षांनी त्याच रानात आयटी पार्कचं भूमिपूजन झालं. जमीन सरकारनं घेतली होती आणि कागदावर मंत्री म्हणून सही साहेबांची होती. ज्यांची रानं गेली ते मंडपाबाहेर उभे होते. नारळ फोडून झाल्यावर साहेब सवयीनं वाकले. ढेकूळ उचललं, चुरडलं, हुंगलं. बाहेरची माणसं मंडपाच्या कडेशी सरकली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. वाटलं, आता तरी त्यांच्याकडे बघतील.

साहेब कंपनीच्या इंजिनिअरकडे वळले.

"काळी माती आहे, पावसात फुगते. पाया खोल घ्या."

इंजिनिअरनं ऐकलं. इमारतीला आजवर एक तडा गेलेला नाही.