भाऊंचा सामायिक कप्पा

बोलता बोलता समोरच्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचं, त्याच्या टोपणानं कान खाजवायचा आणि मग ते स्वतःच्या खिशाला लावून टाकायचं, ही भाऊंची पद्धत. "भाऊ, माझं आहे ते," म्हटलं की ते खरंच बुचकळ्यात पडायचे. "तुमनं-आमनं काय ताई? बठ्ठासनं शे."

बठ्ठासनं, म्हणजे सगळ्यांचं. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. माझा डबा मी उघडायच्या आत त्यांनी उघडलेला असायचा. रागवावं तर स्वतःचा डबाही ते टेबलावर उघडा टाकून जायचे, आणि त्यातली कळण्याची भाकरी नि ठेचा मीच फस्त करायचे. माझा कंगवा त्यांनी वापरला तेव्हा मात्र मी आठवडाभर अबोला धरला. तो त्यांच्या लक्षातही आला नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात एका कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत आम्ही वेबसाइट बनवायचो. भाऊंनी प्रोग्राम लिहायचा, मी माहिती भरायची आणि काही चुकलं की बडबड करायची, अशी कामाची वाटणी होती. भाऊ भडगावकडचे. घर एकत्र. घरात माणसं किती, असं विचारलं की ते बोटांवर मोजू लागायचे, मध्येच एखादी चुलत आत्या राहिल्याचं आठवायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. गावाला घालून जायची चांगली चप्पल घरात एकच, जो आधी निघेल त्याची. टॉवेल दोरीवरचा, हाताला लागेल तो.

याचा प्रोग्रामिंगशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सगळा संबंध तिथेच आहे. वेबसाइट चालवणारं मशीन फार विसरभोळं असतं. तुम्ही एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की ते तुम्हाला ओळखतच नाही. म्हणून येणाऱ्या प्रत्येकासाठी मशीनच्या डोक्यात एक वेगळा कप्पा करून द्यावा लागतो. तुम्ही काय निवडलंत, कुठवर आलात, ते तुमच्या कप्प्यात राहतं. त्याला सेशन म्हणतात. शिवाय एक मोठा कप्पा सगळ्यांचा मिळून असतो, त्याचं नाव ॲप्लिकेशन. त्यात एकानं काही बदललं की ते सगळ्यांना बदललेलं दिसतं.

भाऊंना वेगवेगळे कप्पे पटेचनात. "येवढा कप्पा कसाले? एक शे ना मोठा." त्यांनी सगळं मोठ्या कप्प्यात कोंबलं. एकटे बसून तपासायचे तेव्हा ते झकास चालायचंही. माणूस एकच असला तर त्याचं काय आणि सगळ्यांचं काय? दुसरा कॉम्प्युटर जोडून बघा म्हणावं, तर बाकीचे सगळे दिवसभर क्लासला लागलेले.

अशात एका समाजमंडळाच्या वधू-वर वेबसाइटचं काम आलं. मंडळाचे अध्यक्ष नाना, मुक्ताईनगरकडचे केळीवाले. आवडलेल्या स्थळावर खूण केली की ते 'तुमची पसंती' या पानावर जाऊन बसणार, अशी योजना होती. मी स्थळं भरत गेले. त्यात धुळ्याच्या एका शिक्षिकेचं स्थळ होतं. भाऊ रोज तपासणीसाठी तेच उघडायचे आणि तिच्यावरच खूण करायचे.

"भाऊ, दुसऱ्या मुलींवरही प्रोग्राम चालतो का बघा की," मी एकदा म्हटलं. त्यांचे कान लाल झाले.

भाऊंचं लग्न राहून गेलं होतं, कारण मुलगी घरातल्या सगळ्यांना पसंत पडावी लागे. एकीचं नाक चुलत आजीला आवडलं नाही, दुसरीच्या गावचं पाणी काकांना मानवलं नाही. या सगळ्यात भाऊंना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांनाही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं होतं.

"ताई, कोनले सांगू नका," ते म्हणाले. "हाई मनं एकलानं शे."

माझं एकट्याचं. हे त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली, कंगव्याचासुद्धा राग राहिला नाही. आणि हे एकट्याचं गुपित त्यांनी ठेवलं होतं कुठे, तर सगळ्यांच्या मोठ्या कप्प्यात.

मंडळाच्या मेळाव्यात वेबसाइट दाखवायची होती. क्लासचे कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून रिक्षातून मंगल कार्यालयात नेले. एका टेबलावर मुलाकडच्यांनी बसायचं, दुसऱ्यावर मुलीकडच्यांनी, आणि दोन्हीकडचे कॉम्प्युटर भाऊंच्या मशीनला जोडलेले. माणसं जमायच्या आधी भाऊंनी गुपचूप आपली रोजची तपासणी उरकून घेतली.

पहिल्या टेबलावर नातवासाठी मुलगी बघायला पिंपळनेरचे एक आबा बसले, दुसऱ्यावर मुलीसाठी जावई शोधायला एक अक्का. पसंतीचं पान उघडून अक्का म्हणाल्या, "ही शिक्षिका कोण? मला जावई पाहिजे, सून नको." तरी त्यांनी दोन इंजिनिअर निवडले. ते दोघे मिशीवाले आबांच्या यादीत प्रकट झाले.

"माझ्या नातवाला हे कशाला?" म्हणत आबांनी ते काढून टाकले.

"माझे जावई कोणी नेले?" पलीकडून अक्का.

त्यांनी पुन्हा घातले, आबांनी पुन्हा काढले. असं बराच वेळ चाललं. गर्दी वाढली, आणि जो तो येऊन आपापली खूण करू लागल्यावर त्या यादीत वरातीसारखी दाटी झाली. सगळ्यात वर मात्र धुळ्याची शिक्षिका, दोन्ही पडद्यांवर.

तेवढ्यात गर्दीतून एक गृहस्थ पुढे आले. "ही माझी मुलगी. हिला पसंत कोणी केली?"

आबा म्हणाले, मी नाही. अक्का म्हणाल्या, मी कशाला करू. मागून आणखी दोघं म्हणाले, आम्ही नाही, आम्ही नाही. जो तो हात झटकत होता, आणि आपल्या लेकीला भर सभेत सगळे नाही म्हणताहेत हे ऐकत तिचे वडील उभे होते. त्यांच्याकडे बघवेना.

मी भाऊंच्या कानाशी लागले. मशीन बंद करून चालू केलं की मोठा कप्पा रिकामा होतो. मशीन बिघडलं म्हणायचं आणि सुटायचं. भाऊंचं बोट बटणावरच होतं. त्यांनी तिच्या वडिलांकडे पाहिलं आणि बोट काढून घेतलं.

"मीच करेल शे," ते म्हणाले. मीच केली आहे.

वडिलांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि तेही घरच्या बोलीवर आले. "घर इच्यारं का?"

"नही."

"कसाले?"

"इच्यारं तं बठ्ठा सांगतीन."

सगळं कार्यालय हसलं. वडील हसले ते सगळ्यात शेवटी. नानांनी जागच्या जागी वेबसाइट पास केली. पहिल्याच दिवशी हिनं एक स्थळ काढून दिलं, आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना वेगवेगळे कप्पे करून देण्यात भाऊंचे पुढचे कित्येक दिवस गेले. ते त्यांनी मन लावून केलं.

मुलीनं आधी एकटीनं भेटायचं म्हटलं, भेटली आणि हो म्हणाली. हे कळलं तशी भडगावहून टेम्पो भरून माणसं क्लासवर आली. चुलत आजीला फोटोतले कान पटले नाहीत. भाऊ मान खाली घालून, पण ऐकू येईल असं म्हणाले की कान असू देत, लग्न होणार आहे. आजी रुसल्या, आणि लग्नात सगळ्यात पुढे बसल्या.

पुढे भाऊंना धुळ्यालाच काम मिळालं. ते निघाले त्या दिवशी जळगावच्या बसस्टँडवर अख्खं घर पोचवायला आलं होतं. त्या गर्दीत मीही होते, आणि नाही म्हटलं तरी मला भरून येत होतं. भाऊ बसमध्ये चढायचे, कोणातरी काकांच्या पाया पडायचं राहिलं म्हणून उतरायचे, पुन्हा चढायचे. कंडक्टर वैतागून घंटी मारत होता. शेवटी बायको पायरीवर आली आणि तिनं सासरच्या सगळ्यांदेखत भाऊंचा हात धरला. आजींनी पदर तोंडाला लावला, काका दुसरीकडे बघू लागले. भाऊ लाजेनं लालबुंद झाले होते, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही.