दोन अक्षरांची ट्रायल

गल्लीच्या तोंडाशी, चष्म्याच्या दुकानाला लागून, टेलरमास्तरांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली. त्यात दोन शिलाई मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि डोकं नसलेला एक पुतळा. मास्तरांचं सगळ्यात समंजस गिऱ्हाईक म्हणजे हा पुतळा, असं दुकानातल्या काजवाल्या मावशी म्हणतात. कारण "कधी मिळेल?" असं त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही.

मास्तरांच्या हाताबद्दल वाईट बोलायची कुणाची टाप नाही. नजर तर अशी की रस्त्यानं जाणाऱ्या माणसाचा उजवा खांदा अर्धा इंच खाली आहे हे त्याच्या आईच्या आधी यांना कळतं. दोष काढायचाच तर एक आहे. मास्तरांचं काही म्हणता काही ठरत नाही. कापड टेबलावर पसरलं की ते कात्री उचलतात, खाली ठेवतात, चहा पितात, खडूची रेघ पुसतात, होती तिथंच पुन्हा ओढतात आणि म्हणतात, "एकदा कात्री लागली की संपलं हो." म्हणून आधी सगळं कच्च्या टाक्यांनी जोडायचं आणि गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करून ट्रायल घ्यायची. एक नाही, तीन. दातांच्या डॉक्टरांच्या कोटाच्या तर इतक्या ट्रायली झाल्या की मधल्या काळात डॉक्टरांचं पोट दोन इंच पुढे आलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मास्तर शांतपणे म्हणाले, "बघा, घाई केली असती तर कोट वाया गेला असता."

मास्तरीणबाईंचंही एक गाऱ्हाणं आहे. त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "लग्नाआधी हे मला भेटायला तीनदा आले. मी वेडी, मला वाटलं माझ्यावर जीव जडला. नंतर कळलं, ट्रायल चालू होती."

तर अशा माणसाला त्याच्या मुलीनं नातीचं नाव ठरवायला सांगितलं. आता बोला.

मुलीनं हे उगाच केलं नव्हतं. त्यामागं एक जुनी गोष्ट आहे. अख्ख्या आयुष्यात मास्तरांनी एकच काम ट्रायल न घेता केलं, आणि ते म्हणजे या मुलीचं नाव. एकतीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या पायरीवर, मुलगी झाल्याचं ऐकून उभ्या उभ्या त्यांनी ते ठोकून दिलं. नाव कसलं, झालरींचा अंगरखाच तो. भलंमोठं, मध्ये दोन जोडाक्षरं. इथं लिहायला घेतलं तर अर्धं पान त्यातच जायचं. मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या, "अहो, एवढ्याशा जिवाला हे केवढं?" मास्तर म्हणाले, "वाढत्या अंगाचं आहे. मोठी झाली की बसेल."

बसलं नाही. शाळेत हजेरी घेताना बाई तिच्या नावाआधी दम घ्यायच्या. अर्जातल्या चौकटी संपायच्या, नाव शिल्लक राहायचं. घरात, दारात, शेवटी शाळेतसुद्धा सगळे तिला छोटी म्हणायला लागले. नऊ वर्षांची असताना ती एकदा दुकानात आली, आरशासमोरच्या फळीवर चढली आणि म्हणाली, "बाबा, सगळ्यांच्या पँटी आखूड करता. माझं नाव पण करा ना अल्टर."

मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्यांतूनच ते म्हणाले, "सुट्टी लागली की करू."

सुट्टी लागली, संपली. छोटीनं पुन्हा विषय काढला नाही. पण मास्तरांना ते वाक्य अजून टोचतं. अख्ख्या गावाचे कपडे अल्टर करणाऱ्या माणसानं पोरीची एवढी एक गोष्ट करून दिली नाही.

आता छोटी बाळंतपणाला आलेली. पोर सव्वा महिन्याची झाली आणि शनिवारी जावईबापू दोघींना न्यायला येणार असं ठरलं. सोमवारी सकाळी छोटी पोरीला घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, आम्ही दोघांनी दोन नावं काढलीत. इला आणि इरा. त्यातलं एक तुम्ही ठरवायचं."

"मी?" मास्तरांच्या हातातला खडू खाली पडला.

"तुम्हीच. माझ्या वेळची भरपाई. शुक्रवारी बारा वाजेपर्यंत नोंदणीच्या कचेरीत फॉर्म द्यायचाय. नाहीतर ह्यांच्या ताई टपून बसल्याच आहेत."

ह्यांच्या ताई म्हणजे जावईबापूंची थोरली बहीण. तिनं वहीत शेकड्यानं नावं काढून ठेवलेली. दुपारी तिचा दुकानातच फोन आला. वहीतली पहिली पाच नावं तिनं वाचली आणि ऐकता ऐकता मास्तरांना घाम फुटला. एकेक नाव असं की त्यात छोटीचं नाव दोनदा मावलं असतं.

"तुमचं नाही ठरलं तर काळजी करू नका हं," ताई म्हणाली. "माझं तयार आहे. पोरीला शोभेल, मोठी झाल्यावर."

हे शेवटचे शब्द मास्तरांनी कुठंतरी ऐकलेले होते. फोन ठेवून ते पाणी प्यायले.

"त्यात काय एवढं?" मावशी सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "इला न् इरा. दोन्हींत फरक तो काय, सुईच्या नेढ्याएवढा. डोळे मिटा आणि बोट ठेवा."

"डोळे मिटून मी कधी काज तरी पाडलंय का, मावशी?"

"काजं मी पाडते."

हे खरं होतं. या दुकानात बावीस वर्षं काजं, बटणं, हातशिलाई, सगळं मावशींचं. त्यांच्या डाव्या हाताला एक स्टूल असतं. त्या स्टुलावर कापड आलं की ते मास्तरांनी पास केलं असं समजायचं. मग मावशी कच्चे टाके काढतात, पक्के घालतात आणि बाजूला टाकतात. विचारत नाहीत. मास्तरांना काही विचारलं की दिवस जातो, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

मंगळवारी मास्तरांनी पोरीचं माप घेतलं. "नावाचं न् छातीचं काय नातं?" असं मास्तरीणबाईंनी विचारलं, तोवर मास्तर पोरीचा खांदा मोजत होते. पांढऱ्या मऊ सुती कापडाची दोन झबली त्यांनी शिवली, अगदी एकसारखी, आणि दोन्हींच्या छातीवर कच्च्या दोऱ्यानं एकेक नाव घातलं. एकावर इला, एकावर इरा. मग पोरीला टेबलावर घडी केलेल्या रजईवर निजवलं, पहिलं झबलं चढवलं, चार पावलं मागं सरले आणि एक डोळा बारीक केला.

"खांद्यात जरा सैल वाटतंय."

"झबलं?" छोटीनं विचारलं.

"नाव."

छोटीनं तोंडावर पदर धरला, पण हसू काही आवरेना. पोरीनं ढेकर दिली. मास्तरांनी तिचीही नोंद घेतल्यासारखी मान हलवली आणि दुसरं झबलं मागवलं. तेही मानेशी दाटतंय असं निघालं.

बुधवारी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारायला सुरुवात केली. आरशासमोर दोन्ही हात पसरून उभा असलेला माणूस कुठं पळणार? दातांचे डॉक्टर म्हणाले, "इला. म्हणताना जीभ दातांना लागते, मला ऐकायला बरं वाटतं." चष्मेवाला म्हणाला इरा, कारण काल त्याच्या बायकोनं इला म्हटलं होतं. पोस्टमननं दोन्ही नावं छान आहेत असं सांगून पँट घालून न बघताच उचलली आणि सटकला. बुधवार संध्याकाळपर्यंत सात मतं इलाला, सात इराला, आणि तीन कपडे चुकीच्या लांबीचे, कारण मास्तरांचं मापाकडे लक्षच नव्हतं. असं आजवर झालं नव्हतं. मावशींनी हे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

मास्तरांना जेवण जाईना. मास्तरीणबाई वाढता वाढता म्हणाल्या, "अहो, दोन्ही चांगली आहेत. चुकणार काय त्यात?"

"छोटीचं पण चांगलंच होतं," मास्तर म्हणाले आणि ताटावरून उठले.

गुरुवारी तातडीचं कोटाचं कापड आलं. टेबल रिकामं हवं, म्हणून मास्तरांनी टेबलावरच्या चार वस्तू उचलून दिसेल तिथं ठेवल्या. कात्री चष्म्याच्या घरात गेली, खडू चहाच्या कपात गेला, आणि दोन्ही झबली गेली मावशींच्या डाव्या हाताच्या स्टुलावर.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता छोटी पोरीला काखेत आणि फॉर्म हातात घेऊन आली. "ठरलं?"

"एक शेवटची ट्रायल," मास्तर म्हणाले आणि झबली शोधू लागले.

"ही घ्या," मावशींनी दोन्ही पुढं केली. "कालच झाली."

दोन्ही झबल्यांवर लाल रेशमी दोऱ्याचा घट्ट साखळी टाका. इला पक्कं. इराही पक्कं. टाका असा की पोर कॉलेजात जाईपर्यंत निघू नये.

मास्तर मटकन स्टुलावरच बसले. "मावशी, अहो हे काय केलंत?"

"स्टुलावर आलं ते मी पक्कं करते."

"पण दोन्ही?"

"दोन्ही स्टुलावर होती. मला वाटलं, दोन्ही ठेवायची ठरली. एक सणावाराला, एक रोजच्याला."

छोटी हसायला लागली ती इतकी की पोरगी तिच्या काखेत गदगदू लागली. मास्तर मात्र हसले नाहीत. घड्याळात सव्वादहा झाले होते. त्यांनी ड्रॉवरमधून पातं काढलं, चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "दोन्ही उसवतो. डोकं साफ करून नव्यानं विचार करू."

"बाबा, आता नव्यानं?"

"दहा मिनिटं."

वरचं झबलं इराचं होतं. त्यांनी पात्याचं टोक टाक्याखाली घातलं आणि सरसर उसवत गेले. हात सवयीचा, मध्येच शीळही घातली. लाल दोऱ्याचे तुकडे फुंकरीनं उडवले, झबलं झटकलं, बाजूला ठेवलं. पाच मिनिटं लागली नाहीत.

मग इलाचं घेतलं. पातं टाक्याखाली गेलं आणि तिथंच राहिलं. मास्तरांनी चष्मा सारखा केला. झबलं उजेडाकडे धरलं. पातं दुसऱ्या बाजूनं घातलं. बाहेर काढलं. पुन्हा चष्मा पुसला.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"टाका चांगला पडलाय हो. उसवायला जीव होत नाही."

"टाके दोन्हींचे माझेच आहेत. इराचे काय वाईट होते?"

मास्तरांनी उसवलेल्या झबल्याकडे पाहिलं, हातातल्या झबल्याकडे पाहिलं. मावशींनी सुई टाचण्यांच्या गादीत खुपसली आणि छोटीकडे बघून भुवया उडवल्या. छोटीनंही उडवल्या. मास्तरांचं काही ठरताना बघायची संधी रोज येत नाही, उगाच बोलून मोडायची कशाला?

शेवटी मास्तरांनी पातं ड्रॉवरमध्ये टाकलं. "चला," ते म्हणाले. "कचेरी बंद होईल."

कचेरीत खिडकीपलीकडे एक तरुण कारकून होती. पोरीच्या अंगात इलाचं झबलं होतं. कारकूनबाईंनी फॉर्म पाहिला, बाळाच्या नावाच्या चौकटी पाहिल्या. त्यातल्या दोनच भरल्या होत्या, बाकीच्या मोकळ्या. "नक्की ना? नंतर बदलायचं म्हटलं तर फार कटकट असते."

"बदलावं लागणार नाही," मास्तर छाती काढून म्हणाले. "ट्रायल झालीय."

बाईंना काही कळलं नाही, पण त्यांनी शिक्का उचलला. मग त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. आईचं नाव. छोटीनं ते बारीक अक्षरात लिहिलं होतं, तरी चौकटी संपून समासात गेलं होतं आणि समासातून वळून खाली उतरलं होतं.

"बाई गं," कारकूनबाई म्हणाल्या, "हे एकट्याचंच आहे?"

छोटी बापाकडे वळली. "बघा बाबा. माझं अल्टर करायचं राहिलंय अजून. कोणती सुट्टी म्हणाला होतात?"

मास्तरांचा चेहरा पडला. बावीस वर्षं ज्याला भीत होते तो प्रश्न शेवटी भरकचेरीत, शिक्क्यासमोर आला. ते चार पावलं मागं सरले. मागचा माणूस चरफडत बाजूला झाला. एक डोळा बारीक करून त्यांनी मुलीला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. काखेत पोर, खांद्याला पिशवी, दातांत पेनाचं टोपण, रात्रीच्या जागरणानं काळवंडलेले डोळे, आणि तरी सगळी रांग आपल्यासाठी थांबलीये याची तिला तिळमात्र फिकीर नव्हती.

मास्तरांनी नाव तोंडातल्या तोंडात एकदा अख्खं म्हणून पाहिलं. मध्ये दम घ्यावा लागला नाही.

"आता नको गं," ते म्हणाले. "आता बसलंय बरोबर."

छोटीनं तोंडातलं टोपण काढलं आणि ती पोरीचं झबलं सारखं करत राहिली. शिक्का पडला. मागचा माणूस म्हणाला, "अहो आजोबा, झालं असेल तर सरका!"

उसवलेलं झबलं मास्तरांनी फेकलं नाही. ते पुतळ्याच्या मानेत अडकवलेलं असतं. त्यावर टाक्यांची बारीक भोकं अजून दिसतात. दुकानात आलेल्या प्रत्येकाला मास्तर सांगतात की त्यांचं सोमवारीच ठरलं होतं, ट्रायल फक्त खात्रीसाठी. मावशी तेवढ्यापुरतं काज पाडायचं थांबवतात, गिऱ्हाइकाकडे बघतात आणि भुवया उडवतात.