पाढ्यांचे वैरी, माझे साडू

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढे म्हणून प्राथमिक शिक्षक आहेत, त्या सर्वांना एका रांगेत उभे केले, तरी सरळ रस्ता सोडून काट्यांतून चालण्यात माझ्या धाकट्या साडूंचा हात धरील असा इसम त्यांत सापडणार नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. माझा व्यवसाय कल्याणच्या कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देण्याचा. शिक्षण मराठी पाचवीपर्यंत. परंतु तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, पाउणकी ही छडीच्या धाकाने अशी पाठ झालेली आहेत की, आजही झोपेतून उठवून विचारले तरी जीभ अडखळत नाही. त्यांचा अर्थ मला कोणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. अर्थावाचून माझे काही अडले नाही. साडूंचे मात्र सगळे आयुष्यच अर्थावाचून अडून बसलेले.

कोलशेतच्या पुढे खाडीकाठी एका पाड्यावर ते हंगामी मास्तर होते. रविवारी सहकुटुंब आमच्याकडे जेवायला येत, तेव्हा त्यांच्या खिशांत चिंचोके, शिंपले आणि सुतळीचे तुकडे खुळखुळत असत. माझी मेव्हणी म्हणे, "भावजी, यांचा सदरा धुवायला घ्यायचा म्हणजे आधी बाजार उठवावा लागतो." एकदा त्यांनी माझ्या मुलीला विचारले, "आठ सक?"

"अठ्ठेचाळीस."

"का?"

"का काय, काका? आठ सक अठ्ठेचाळीस असतातच!"

झाले. गृहस्थाने माझ्या बैठकीवर, एका पक्षकाराच्या वारसा अर्जाच्या अगदी मधोमध, चिंचोक्यांच्या आठ रांगा मांडल्या, प्रत्येकीत सहा. मग मुलीला खांद्याला धरून बैठकीच्या दुसऱ्या बाजूला नेऊन बसवले. "आता इथून बघ." ती बघत राहिली आणि एकदम खुदकन हसली. "सहा रांगा, आठ-आठच्या! अय्या, म्हणजे सहा आठे पण तेच!" साडूंचा चेहरा असा उजळला, जणू मुलगी विलायतेहून बॅरिस्टर होऊन आली. "बघा अण्णा, निम्मे पाढे पाठ करायची गरजच उरली नाही." मी त्यांना स्पष्ट सांगितले की, निम्मी विद्या कमी करण्यासाठी सरकार पगार देत नाही, आणि ज्या गणिताने मूल हसते ते गणित नव्हे, पोरखेळ होय.

वजाबाकीत तर त्यांनी कहर केला होता. उभ्या महाराष्ट्राने हातचा मुकाट्याने घेतला आणि मुकाट्याने दिला. साडूंचा प्रश्न, "हातचा म्हणजे कोणाच्या हातचा?" त्यांच्या वर्गात काटक्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या असत. कमी पडले की एक मोळी सोडायची, सुट्या काटक्यांत मिसळायची आणि मग वजा करायचे. शेजारच्या गावचे मास्तर विचारीत, "काय हो, शाळा आहे की लाकडाची वखार?" आणि हे खुळ्यासारखे हसत.

अशा माणसाला कायम करून घेण्याची जबाबदारी अखेर माझ्यावर आली. मेव्हणी डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "भावजी, दोन लेकरं पदरी आहेत. हंगामीच्या भरवशावर किती दिवस काढायचे?" मी स्कूल बोर्डाकडे असा अर्ज लिहिला की, वाचून दगडालाही दया यावी. सगळे जुळून आले. केवळ दिपोटी साहेबांनी येऊन वर्ग तपासायचा आणि शेरा मारायचा, एवढेच उरले. आदल्या दिवशी मी साडूंकडून वचन घेतले, "मास्तर, उद्या फक्त पाढे. चिंचोका दिसला तर मी सासुरवाडीचे नाते तोडीन."

दुसऱ्या दिवशी कोट घालून मी स्वतः वर्गाच्या मागे उभा राहिलो. माणसाने शब्द पाळला. मुलांनी अडखळत का होईना, पाढे म्हटले. साहेब खुशीत आले आणि पुढच्या रांगेतल्या एका कोळ्याच्या मुलीला म्हणाले, "बाळ, एक होडी तासाला तीन मैल जाते. नऊ मैलांवरच्या बंदरात किती तासांत पोहोचेल?"

मुलगी उभी राहिली. विचार करून म्हणाली, "पानी भरतीचं हाय का ओहोटीचं?"

"ते सोड. उत्तर सांग."

"सोरून कसा चालंल? ओहोटी असली त होरी चिखलान रुतंल."

साहेबांनी साडूंकडे पाहिले. मी मागून तीन बोटे वर केली, कोटाच्या बाहीसकट हलवली. साडूंनी ती पाहिली, हे मी शपथेवर सांगतो. एक 'तीन' म्हटले असते तर जन्माची भाकरी पक्की होत होती. हे पठ्ठे म्हणाले, "साहेब, तिला ते आधी कळायला हवं. भरती धरायची की ओहोटी, आपणच सांगा."

त्यावर सगळा वर्ग उठला. "भरतीच धर गो!" "आन येताना?" "येताना कोन इचारलाय तुला?" या गदारोळात साहेबांनी टोपी घातली आणि ते निघून गेले.

ठाण्याच्या वाटेवर साडू मला म्हणतात, "अण्णा, ऐकलंत ना? साहेबांना विचारलं तिनं!"

"तुमची नोकरी गेली, मास्तर."

"हो," ते म्हणाले. थोडे चालल्यावर पुन्हा म्हणाले, "पण न घाबरता विचारलं."

नोकरी अगदीच गेली नाही. कायम करण्याऐवजी त्यांना मुरबाडच्याही पलीकडे, डोंगरातल्या एका शाळेवर धाडण्यात आले, हंगामीच. मेव्हणीने एसटीत बसताना माझ्या हातातली पिशवी हिसकावून घेतली. जणू होडी मीच रुतवली होती. रविवार आता निवांत जातो. पक्षकारांचे कागद स्वच्छ राहतात.

मध्यंतरी मिठागराच्या एका तंट्यासाठी खाडीकाठच्या त्या जुन्या पाड्यावर जाणे झाले. शाळेतून पाढे ऐकू येत होते, एका सुरात, खणखणीत. मी मुद्दाम आत गेलो. नव्या गुरुजींनी आदराने खुर्ची दिली. ती कोळ्याची मुलगी तिथेच बसली होती. मी म्हटले, "एकोणिसाचा म्हण." ती ताठ उभी राहिली आणि माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहत एका दमात म्हणून गेली. एक आकडा चुकला नाही. मी शाबासकी दिली. तिने हात जोडले आणि खाली बसली.

मी उगाच थोडा वेळ थांबलो. तिला काही विचारायचे असेल, असे वाटले होते.